राजापूरचे पाच विजय आणि एक पराभव

(द्वितीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

प्रातिनिधिक लोकशाही हे प्रकरण आपण सर्वांनी वर्गात अभ्यासले आहे. प्रतिनिधी म्हणजे कोण, मतदारसंघ म्हणजे काय, साध्या बहुमताची पद्धत कोणती, या प्रश्नांची उत्तरे परीक्षेपुरती आपल्याला पाठ असतात. परंतु एकच माणूस एकाच मतदारसंघातून पुनःपुन्हा निवडून येतो तेव्हा तेथे काय घडत असते, आणि एके दिवशी तोच माणूस पडतो तेव्हा काय घडते, याचे उत्तर व्याख्येत सापडत नाही. त्यासाठी एखादी प्रत्यक्ष कारकीर्द घ्यावी लागते व तिच्यातील निवडणुका ओळीने तपासाव्या लागतात. प्रस्तुत लेखात मी प्रा. मधू दंडवते यांची राजापूर मतदारसंघातील कारकीर्द त्यासाठी निवडली आहे.

निवडीचे कारणही सांगते. माझ्या घरात महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. पुढच्या निवडणुकीत मी प्रथम मतदान करीन. आमच्याकडे निवडणूक आली की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले असे की, ‘जो येणार त्यालाच मत द्यावे, पडणाऱ्याला देऊन मत फुकट घालवू नये.’ दुसरे वाक्य जुनी माणसे उसासा टाकून म्हणतात, ‘दंडवत्यांसारख्या माणसाला आपण पाडले, कोकणी माणूस कृतघ्न!’ ही दोन्ही वाक्ये खरी मानायची की नाही, हे मला मत देण्यापूर्वी ठरवायचे आहे.

१. मतदारसंघाची परंपरा

राजापूर लोकसभा मतदारसंघात आजचा सिंधुदुर्ग जिल्हा व रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग येत असे. डोंगरउताराची शेती, पावसाळ्याचे चार महिने सोडले तर हाताला काम नाही, आणि म्हणून घरटी एक तरी माणूस मुंबईला चाकरमानी, अशी येथील परिस्थिती. गावचा संसार मुंबईच्या मनीऑर्डरवर चाले. पुरुष मुंबईत असल्यामुळे गावातील मतदारांत स्त्रियांचा भरणा मोठा असे.

याच मतदारसंघातून १९५७, १९६२ व १९६७ अशा तीन निवडणुका बॅरिस्टर नाथ पै यांनी प्रजासमाजवादी पक्षाच्या वतीने जिंकल्या. ते वेंगुर्ल्याचे, म्हणजे मतदारसंघाचेच सुपुत्र. तीनही वेळा दिल्लीत काँग्रेसचे सरकार आले आणि तीनही वेळा राजापूरने विरोधी बाकावरचा माणूस पाठविला. १८ जानेवारी १९७१ रोजी बेळगाव येथे त्यांचे अकाली निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे ४८ होते. लोकसभा त्यापूर्वीच विसर्जित झाली होती व निवडणूक तोंडावर आली होती. त्यांच्या जागी प्रा. दंडवते उभे राहिले.

दंडवते मूळचे अहमदनगरचे. त्यांचा जन्म २१ जानेवारी १९२४ चा. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात ते पदार्थविज्ञान शिकवीत. १९५५ च्या गोवा मुक्ती सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला होता. तरीही राजापूरला ते बाहेरचेच. तेव्हा पहिला विजय हा नाथ पैंविषयीच्या हळहळीचा होता असे कोणी म्हटले तर ते अगदीच खोटे म्हणता येणार नाही. पण हळहळ एका निवडणुकीला पुरते, पाच निवडणुकांना पुरत नाही.

२. पाच विजय

आता निवडणुका ओळीने पाहू.

१९७१ : देशभर इंदिरा गांधींची लाट होती. लोकसभेच्या ५१८ पैकी ३५२ जागा त्यांच्या काँग्रेसला मिळाल्या. महाराष्ट्रात ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसकडे गेल्या. ज्या तीन जागा गेल्या नाहीत त्यांत राजापूर होते.

१९७७ : आणीबाणीत दंडवते बंगलोरच्या तुरुंगात होते. तेथून सुटल्यावर जनता पक्षातर्फे ते उभे राहिले व विजयी झाले. या वेळी मात्र राजापूरचा कौल आणि देशाचा कौल एकच होता.

१९८० : जनता पक्षाची शकले झाली होती व लोक त्या भांडणांना विटले होते. इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या. राजापूर दंडवत्यांकडेच राहिले.

१९८४ : इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची ही निवडणूक. डिसेंबरमध्ये मतदान झालेल्या ५१४ जागांपैकी ४०४ काँग्रेसने जिंकल्या. महाराष्ट्रात ४८ पैकी ४३. संपूर्ण देशात जनता पक्षाचे अवघे १० खासदार निवडून आले आणि महाराष्ट्रातून त्या पक्षाचे एकटे दंडवते.

१९८९ : जनता दलातर्फे विजय. विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या मंत्रिमंडळात ते अर्थमंत्री झाले.

या यादीत एक गोष्ट सहज दिसत नाही, ती मला माझ्या आजीकडून कळली. आजीने पहिले मत १९७१ साली दिले. तिला अक्षरओळख नाही. तेव्हा छापील मतपत्रिकेवर चित्र पाहून शिक्का मारायचा असे. प्रजासमाजवादी पक्षाची खूण झोपडी होती. पुढे जनता पक्षाची खूण आली, चक्रातील नांगरधारी शेतकरी. १९८९ मध्ये जनता दलाचे नुसते चक्र आले. म्हणजे अठरा वर्षांत माणूस एक, मतदारसंघ एक, पण चित्रे तीन! ज्यांना नाव वाचता येत नव्हते त्या बायाबापड्यांना दर वेळी नवे चित्र ध्यानात ठेवावे लागले. निरक्षर मतदार डोळे मिटून जुन्या चित्रावर शिक्का मारतो, असे आपण शिकलेली माणसे समजतो. राजापूरच्या मतदारांना ही समजूत लागू पडत नाही. गावोगावचे शिक्षक, सेवा दलाचे कार्यकर्ते घरोघर जाऊन नवी खूण समजावून सांगत व लोक ती लक्षात ठेवीत. माणूस ओळखून मत देणे म्हणजे काय, याचे याहून साधे उदाहरण मला सापडले नाही.

३. मत फुकट गेले काय?

आता पहिल्या वाक्याकडे वळू. १९७१ व १९८४ या दोन्ही वर्षी ‘येणारा’ पक्ष कोणता हे सर्वांना दिसत होते. तरी राजापूरने ‘पडणाऱ्या’ पक्षाच्या माणसाला निवडले. मग ती मते फुकट गेली काय?

विरोधी खासदार रस्ता मंजूर करू शकत नाही, नोकरी लावून देऊ शकत नाही, हे खरे आहे. परंतु तो प्रश्न विचारू शकतो, ठराव मांडू शकतो, अंदाजपत्रकातील खर्चाला कपात सुचवू शकतो. ज्या सभागृहात सरकारपक्षाचे चारशेहून अधिक सदस्य असतात तेथे या कामाचे मोल कमी होत नाही, उलट वाढते. चारशेंत आणखी एकाची भर पडल्याने सरकारला काही मिळाले नसते. दहांतील एक गेला असता तर मात्र सभागृहाचे नुकसान झाले असते.

दुसरे असे की, संधी आली तेव्हा या प्रतिनिधीने काय केले तेही पाहावे. १९७७ ते १९७९ या काळात दंडवते रेल्वेमंत्री होते. १९७४ च्या संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना त्यांनी पुन्हा कामावर घेतले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंची फोम घालण्याचा निर्णयही त्यांचाच. ज्यांची पाठ कधी लाकडी बाकावर रात्रभर घासली गेलेली नाही त्यांना या निर्णयाची थोरवी कळणार नाही. अर्थमंत्री म्हणून १९९० च्या अंदाजपत्रकात त्यांनी सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द करण्याचे जाहीर केले. गरीब शेतकरी व कारागिरांची दहा हजार रुपयांपर्यंतची थकीत कर्जे माफ करण्याची योजनाही त्याच सरकारची.

आणि कोकण रेल्वे! ही मागणी दंडवत्यांपूर्वीची आहे व तिच्यासाठी झटणारे अनेक होते. पण १९९० मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री व दंडवते अर्थमंत्री असा योग जुळून आला आणि त्या वर्षी जुलैमध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के, अशी भांडवलाची वाटणी ठरली. बाकीचा पैसा कर्जरोख्यांतून उभारायचा होता. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली काम झाले व २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा संपूर्ण मार्ग खुला झाला. १९८४ च्या लाटेत राजापूरने हा माणूस घरी बसविला असता तर १९९० साली तो अर्थमंत्र्याच्या खुर्चीत असता काय, हे प्रत्येकाने आपल्याशी ठरवावे. मताचे फळ त्याच निवडणुकीत दिसले नाही म्हणजे मत फुकट गेले असे होत नाही. आंब्याचे कलम लावणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

४. मतदार कृतघ्न काय?

१९९१ च्या निवडणुकीत दंडवत्यांचा पराभव झाला. काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. कोकण रेल्वे महामंडळ स्थापन होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. वरवर पाहता हा कृतघ्नपणा वाटतो. पण जरा खोलात जाऊ.

त्या वेळी मतदारासमोर रेल्वे नव्हती, रेल्वेचा आरंभ होता. ज्या सरकारात दंडवते होते ते नोव्हेंबर १९९० मध्ये कोसळले होते व जनता दल फुटले होते. २१ मे १९९१ रोजी राजीव गांधींची हत्या झाली, आणि महाराष्ट्रातले मतदान त्यानंतर जूनमध्ये झाले. शिवाय मुंबईतील चाकरमान्यांमध्ये रुजलेली शिवसेना त्यांच्याबरोबर गावात आली होती. नाथ पैंची भाषणे ऐकलेली पिढी म्हातारी झाली होती आणि १९८९ पासून मतदानाचे वय २१ वरून १८ वर आल्यामुळे नवे मतदार वाढले होते. पुढे १९९६ पासून २००४ पर्यंतच्या चारही निवडणुका शिवसेनेचे सुरेश प्रभू यांनी जिंकल्या, यावरून वारे कोणत्या दिशेने फिरले होते ते कळते.

तरीही माझे मुख्य म्हणणे याहून निराळे आहे. मत ही मागील कामाची मजुरी नव्हे. ती पुढील पाच वर्षांची नेमणूक आहे. कृतज्ञता व्यक्तीने बाळगावी, तिचे सत्कार करावेत, तिच्या नावाने संस्था काढाव्यात. परंतु उपकाराखातर मत देणे हे मतदाराचे कर्तव्य ठरले तर प्रतिनिधीचा राजा व्हायला वेळ लागणार नाही. ज्या मतदाराला पाडण्याचे स्वातंत्र्य आहे त्याच्याच निवडून देण्याला किंमत असते. राजापूरच्या लोकांना दंडवत्यांना पाडता येत होते आणि पाच वेळा त्यांनी पाडले नाही, म्हणून ते पाच विजय खरे.

हे केवळ राजापूरचे नाही. लोकसभेवर सर्वाधिक म्हणजे ११ वेळा निवडून आलेले इंद्रजित गुप्त हेही १९७७ मध्ये हरले होते आणि १९८० मध्ये पुन्हा निवडून आले. लक्षद्वीपचे पी. एम. सईद १९६७ पासून १९९९ पर्यंत ओळीने १० निवडणुका जिंकले व २००४ मध्ये अवघ्या ७१ मतांनी पडले. ७१ मते म्हणजे आमच्या एका वाडीची मते! ‘माझ्या एकटीच्या मताने काय होणार?’ असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

५. समारोप

दंडवते पराभवानंतर लोकसभेत परतले नाहीत. १९९६ ते १९९८ या काळात ते योजना आयोगाचे उपाध्यक्ष होते. १२ नोव्हेंबर २००५ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे पुनर्रचनेत राजापूर हा लोकसभा मतदारसंघच उरला नाही. २००९ पासून तो रत्नागिरी-सिंधुदुर्ग या नावाच्या मतदारसंघात सामावला. यादीत आता फक्त वर्षे आणि नावे राहिली आहेत.

त्या यादीवरून मी दोन गोष्टी शिकले. एक, येणाऱ्याला मत देणे म्हणजे आपण न ठरविता दुसऱ्यांनी ठरविलेल्यावर शिक्का मारणे होय. दोन, चांगल्या माणसाचा पराभव झाला तर दुःख जरूर व्हावे, पण त्यासाठी मतदाराला शिव्या देऊ नयेत.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आपणच प्रथम वाचायला शिकलो आहोत. मतदान यंत्रावरील उमेदवाराचे नाव आपल्याला वाचता येते, चित्रावर विसंबावे लागत नाही. तेवढ्याने आपण आपल्या आजीपेक्षा शहाणे मतदार ठरत नाही. तिने तीन चित्रांमागचा एक माणूस ओळखला. आपण नावामागचा माणूस ओळखण्याइतके कष्ट घेतले, त्याने सभागृहात काय विचारले, कशाला पाठिंबा दिला, कशाला विरोध केला हे पाहिले, तरच शिकल्याचा उपयोग.