शरीरातली ओळखपरेड आणि धनुर्वात

छात्र मित्रांनो, जीवशास्त्राच्या तासाला मला दरवर्षी एक प्रश्न हमखास विचारला जातो : "सर, शरीरात इतक्या पांढऱ्या पेशी असताना धनुर्वाताचे इंजेक्शन कशाला?" प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी आधी शरीर शत्रूला कसे ओळखते ते पाहू.

जंतू कातडीच्या आत शिरला की प्रथम भिडतात त्या भक्षक पेशी. जीवाणूंच्या आवरणात असे काही रेणू असतात, जे आपल्या पेशींत नसतात. तेवढ्या खुणेवरून त्या परक्याला ओळखून गिळतात. जखमेतला पू म्हणजे बहुतांशी या लढाईत मेलेल्या पांढऱ्या पेशीच. काही पेशी जंतूचे तुकडे घेऊन जवळच्या लसिका ग्रंथीत जातात. पाय चिघळला की जांघेत अवधाण येते, ते तिथली धावपळ वाढल्यामुळे.

या ग्रंथीत खरी ओळखपरेड होते. प्रत्येक टी-पेशी आणि बी-पेशी एक ठरावीक आकारच ओळखते. ज्या मोजक्या पेशींना तो तुकडा जुळतो, त्यांची संख्या झपाट्याने वाढते आणि बी-पेशींपासून प्रतिपिंडे तयार होऊ लागतात. पहिल्या वेळी या तयारीला एक-दोन आठवडे लागतात. नंतर स्मृतिपेशी मागे उरतात. तोच शत्रू पुन्हा आला, तर त्या काही दिवसांतच फळी उभारतात. म्हणूनच गोवर सहसा आयुष्यात एकदाच होतो.

धनुर्वाताचे मात्र तसे नाही. त्याचे बीजाणू मातीत, शेणात, घोड्याच्या लिदीत असतात आणि हवा न पोहोचणाऱ्या खोल जखमेत रुजतात. जीवाणू जखमेतच राहतो. घात करते ते त्याचे विष. ते मज्जातंतूत शिरले की प्रतिपिंडांच्या हाती लागत नाही. जबडा आखडतो, पाठ धनुष्यासारखी वाकते. हे विष इतके जहाल, की जीव घेणारी मात्राही शरीराला ओळख पटण्यास अपुरी पडते. त्यामुळे यातून बरा झालेल्या रुग्णालाही लस द्यावी लागते.

१८९० मध्ये बर्लिनला बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवले, की या विषाला सरावलेल्या प्राण्याचा रक्तद्रव दुसऱ्या प्राण्याला वाचवतो. पुढे १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये गास्तों रामोन यांनी फॉर्मॅलिन आणि उष्णता वापरून विषाची मारकता काढली, पण ओळखीची खूण शाबूत ठेवली. हेच टॉक्सॉइड, म्हणजे आपली लस. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने ती आपल्या सैनिकांना दिली. लाखो जखमींमध्ये धनुर्वाताचे रुग्ण निघाले अवघे १२.

तेव्हा प्रश्नाचे उत्तर असे : पांढऱ्या पेशी लढतात, पण ओळख आधी करून द्यावी लागते, आणि ती काळाने पुसट होते म्हणून बूस्टर. आपल्या राष्ट्रीय वेळापत्रकात तो १० व्या आणि १६ व्या वर्षी आहे. पालकांनी सुट्टीत मुलांचे लसीकरण कार्ड जरूर तपासावे.

आणि छात्रांनो, ऑब्स्टॅकल कोर्सवर खिळा लागला तर लपवू नका. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी एमआय रूम गाठा. बूस्टर हवा की तयार प्रतिपिंडे, हे डॉक्टर ठरवतील. दुखणे सोसणे हा सैनिकाचा गुण खरा. पण जखमेची खबर वेळेवर देणे हीदेखील शिस्तच आहे.