चामड्याच्या कामाचं टेबल : पैसे कुठं घालावेत?

यंदाच्या हस्तलिखित अंकाला चामड्याचं कव्हर करायचं असं मंडळात ठरलं आणि लगेच पहिला प्रश्न आला, 'टेबल कुठून आणायचं?' ऑनलाइन मिळणाऱ्या तयार टेबलांच्या किमती बघून दोघातिघांनी तिथंच नाद सोडला. खरं तर एवढ्यासाठी नाद सोडायची गरज नाही. टेबलावर नेमकी कोणती कामं होतात, त्यातल्या कुठल्या कामाला मजबुती लागते आणि ती कमी पैशात कशी मिळवायची, हे या पाठात बघू.

१. आधी शब्दाकडे बघू

आपण साहित्याचे विद्यार्थी, म्हणून सुरुवात शब्दापासून. इंग्रजीत ज्याला वर्कबेंच म्हणतात, त्याला मराठीत पटकन शब्द सापडत नाही. बाकडं म्हटलं की बसायचं बाकडं आठवतं, मेज म्हटलं की लिहायचं. पण हत्यारांची नावं विचारा : कातडं कापायची रापी, भोक पाडायची आरी, जोड्याचा आकार देणारा फरमा, शिवायची कातड्याची वादी. हे शब्द ठसठशीत आहेत. मग टेबलालाच शब्द का नाही? कारण आपल्याकडचा चामड्याचा कारागीर जमिनीवर बसून काम करत आला. त्याला टेबल लागलंच नाही.

हे बघायला लांब जायला नको. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते दोन राज्यांतल्या आठ जिल्ह्यांना मिळून : कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर. आपल्याच जिल्ह्यातल्या अथणी, निपाणी भागात ही चप्पल घराघरांत होते. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं जाड कातडं, खिळ्याऐवजी वादीची शिलाई, आणि काम करायला जमीन. समोर कातडं ठोकायला दगड, कापायला लाकूड, बाजूला पाण्याचं भांडं, आणि हत्यारं हाताच्या टप्प्यात. संत रोहिदासांचं कॅलेंडरवरचं चित्र आठवा. त्यातही जमिनीवरची बैठक, हत्यारं आणि पाण्याची कठौतीच दिसते.

या बैठकीत प्रत्येक कामाला वेगळी जागा आहे, आणि ठोकायच्या जागेखाली थेट धरती आहे. आपल्या टेबलाला हेच दोन गुण हवेत.

२. कामं पाच, जागाही पाच

कापणं : इथं खालचा पृष्ठभाग सुरीला मऊ हवा. काच किंवा दगडावर कापलं तर धार लगेच जाते. कटिंग मॅट सोयीची, पण तिचा आकार आधी मोजा. ए-५ वही उघडली की २९.७ × २१ सेंमी होते. कव्हरच्या घडीसाठी चारी बाजूंनी थोडं वाढवलं तरी ते ए-३ मॅटवर (४२ × २९.७ सेंमी) बसतं. आपला हस्तलिखित अंक मात्र ए-४ आहे. तो उघडल्यावरच ४२ × २९.७ होतो, वर कणा आणि घडी. म्हणजे मॅट ए-२ हवी (५९.४ × ४२ सेंमी). मॅट घ्यायची नसेल तर जाड पुठ्ठाही चालतो, फक्त तो वरचेवर बदलावा लागतो.

काठ पातळ करणं : कव्हरची कड आत दुमडायची तर ती आधी तासून पातळ करावी लागते, नाहीतर कोपऱ्यावर गाठ येते. त्याला कडक आणि गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. युरोपातले पुस्तकबांधणीवाले यासाठी शिळाछापाचे जुने दगड वापरत आलेत. आपल्याकडचीही एकोणिसाव्या शतकातली कितीतरी मराठी पुस्तकं शिळाप्रेसवर छापलेली आहेत. पान छापायला जो दगड चालला, तसाच दगड कव्हर तासायलाही चालतो, ही गंमत मला फार आवडली.

भोकं पाडणं आणि ठसे उठवणं : दोन्ही कामं हातोडीची, त्यामुळं टेबलाची खरी परीक्षा इथंच होते. त्याबद्दल पुढं सविस्तर.

शिवणं : याला टेबल लागतच नाही. पाश्चात्त्य खोगीरवालेसुद्धा लाकडाचा मोठा चिमटा गुडघ्यांत धरून शिवतात. दोन हात लांबीच्या दोन लवचिक पट्ट्या खालच्या टोकाला जोडल्या, वरच्या टोकाला आतून चामडं चिकटवलं आणि मध्ये एक बोल्ट टाकला की घरगुती चिमटा तयार. शिलाई एका दोऱ्याला दोन सुया लावून, प्रत्येक भोकातून दोन्ही सुया उलटसुलट काढून घालायची. एखादा टाका तुटला तरी शेजारचे टाके धरून राहतात.

चिकटवणं : याला टेबलापेक्षा हवा महत्त्वाची. रबर सोल्यूशनचा वास डोक्यात जातो आणि ते पेटही घेतं. खिडकी उघडी ठेवा आणि जवळ मेणबत्ती, उदबत्ती काही नको.

३. हातोडीखाली काय असावं?

साध्या टेबलाच्या मधोमध हातोडी मारली की फळी खाली जाते आणि परत वर येते. घावाची ताकद फळी वाकवण्यात जाते, पंच अर्धवट घुसतो, म्हणून आपण अजून जोरात मारतो. भोक वाकडं, आणि खालच्या मजल्यावरची माणसं वैतागलेली! याला तीन साधे उपाय आहेत.

पहिला उपाय फुकटचा : टेबलाच्या मध्यावर मारू नका, पायाच्या बरोबर वर मारा. तिथं घाव सरळ पायातून जमिनीत उतरतो.

दुसरा उपाय जाडीचा. फळीची जाडी दुप्पट केली की ती आठपट ताठ होते. पण १८ मिमीचे दोन प्लायवूड नुसते एकावर एक ठेवले तर ताठपणा फक्त दुप्पट होतो. मध्ये सगळीकडे फेव्हिकॉल लावून, वजन ठेवून रात्रभर दाबले, की मगच ते ३६ मिमीच्या एका फळीसारखे वागतात. अंतराचंही तसंच. दोन पायांमधलं अंतर निम्मं केलं की मध्यावरचं वाकणं आठपट कमी होतं. त्यामुळं लहान टेबल स्वस्त पडतं आणि मजबूतही असतं.

तिसरा उपाय वजनाचा. स्वयंपाकाच्या ओट्यासाठी ग्रॅनाइट कापतात तिथं कोपऱ्याचे तुकडे पडलेले असतात. ३० × ३० सेंमीचा, २ सेंमी जाड तुकडा साधारण ५ किलो भरतो. असे दोन तुकडे चिकटवून घेतले की १० किलोची ठोकायची शिळा झाली. पॉलिश केलेली बाजू वर ठेवा, म्हणजे काठ तासायलाही तीच उपयोगी पडते. दगड पूर्ण टेकलेला हवा. खाली पोकळी राहिली तर तो तडकू शकतो. म्हणून खाली जाड रबर किंवा सतरंजीची घडी घाला. त्यानं आवाजही कमी होतो.

एक नियम मात्र पाठ करा : पंच कधीही थेट दगडावर मारायचा नाही, धार जाते. मध्ये स्वयंपाकघरातला जुना प्लॅस्टिकचा चॉपिंग बोर्ड ठेवा. ठसा उठवताना उलट, ओलसर केलेलं चामडं थेट दगडावर ठेवा. तेही झाडाच्या सालीनं कमावलेलं हवं. क्रोमनं कमावलेलं मऊ चामडं ठसा नीट धरत नाही.

४. तीन पर्याय

(अ) जमीन. सतरंजी, ग्रॅनाइटची शिळा, चॉपिंग बोर्ड, मॅट आणि शिलाईचा चिमटा. होस्टेलमध्ये राहणाऱ्यांसाठी हा सगळ्यात चांगला पर्याय. काम झालं की सगळं पलंगाखाली जातं. मटणाच्या दुकानात असतो तसा चिंचेचा ओंडका मिळाला तर सोन्याहून पिवळं. आडव्या कापलेल्या लाकडाच्या तोंडावर सुरी चालवली की रेषा बाजूला सरतात आणि धार टिकते. ज्यांचे गुडघे किंवा पाठ कुरकुरते त्यांनी मात्र हट्ट करू नये.

(ब) घरात आहे ते टेबल. अभ्यासाच्या टेबलावर मॅट, आणि एका पायाच्या वरच्या कोपऱ्यात शिळा. जुन्या पायमशीनचं टेबल कापायला, चिकटवायला छान, पण ठोकायला नको. टेबल डुगडुगत असेल तर मागच्या दोन पायांना तिरकी पट्टी मारा. खाली फळी टाकून तिच्यावर विटा किंवा वाळूची पोती ठेवली की ते जागचं हलत नाही.

(क) नवीन बांधणं. ९० × ६० सेंमी पुरे. ८ × ४ फुटी प्लायवूडच्या एका शीटमधून असे चार तुकडे निघतात, आणि एका टेबलाला दोन थर म्हणजे दोन तुकडे लागतात. म्हणजे एका शीटमध्ये दोन टेबलं! मैत्रीण शोधा आणि शीट अर्ध्यात घ्या. पाय नवीन लाकडाचे कशाला? जुन्या चौकटी, मोडलेली बाकं, भंगारातलं लोखंडी स्टँड, काहीही चालेल. पाय जाड आणि न डुलणारे असले म्हणजे झालं. बसून काम करायचं तर उंची २८ ते ३० इंच ठेवा. उभं राहून ठोकायचं असेल तर हात खाली सोडून उभं राहा, मनगट येतं साधारण तेवढी उंची.

रकमा मी मुद्दाम देत नाही, कारण त्या दुकानागणिक बदलतात. खर्चाचा क्रम मात्र बदलत नाही : आधी शिळा, मग मॅट किंवा बोर्ड, मग चांगला दिवा, मग फळी, आणि शेवटी पाय. बहुतेक जण नेमकं उलट करतात. आधी देखणं टेबल घेतात, आणि हातोडीखाली काय ठेवायचं याला पैसे उरत नाहीत.

५. जागेचा प्रश्न

इथं एक गोष्ट बोलल्याशिवाय पुढं जाणं मला बरं वाटत नाही. आपण चामड्याचं काम करू त्याला लोक 'क्राफ्ट' म्हणतील, फोटोला लाइक देतील. तेच काम स्टँडजवळच्या झाडाखाली बसून करणाऱ्या माणसाला पिढ्यानपिढ्या जातीवरून हिणवलं गेलं. गावगाड्यात चांभार हा बलुतेदार. त्याच्याशिवाय शेतकऱ्याची मोट चालत नव्हती, पण त्याची बसायची जागा गावाच्या कडेलाच होती. त्यामुळं 'जमिनीवर बसून काम करणं किती छान' असं म्हणून मोकळं होता येत नाही. मी जमिनीवर बसेन ते माझ्या सोयीनं, आणि कंटाळले की उठून टेबलाशी जाईन. फुटपाथवरच्या कारागिराला पाऊस आला की जागाच राहत नाही, आणि दिवसभर वाकून पाठ धरते तिला कुणी क्राफ्ट म्हणत नाही.

त्या बैठकीतून आपण तंत्र घेतोय, तर ते कुणाचं आहे हेही सांगावं. कव्हरच्या आतल्या पानावर चामडं कुठलं, कमावलं कसं, कापायला कुणी शिकवलं, हे लिहायची पद्धत आपण या अंकापासून पाडू शकतो. त्याला एक ओळ पुरते.

स्वाध्याय

१. घरातल्या टेबलाच्या मधोमध पाण्यानं भरलेला स्टीलचा पेला ठेवा. टेबलावर पाच ठिकाणी मुठीनं सारख्या जोरात ठोका आणि पाणी किती हलतं ते बघा. सगळ्यात कमी हलेल ती तुमची ठोकायची जागा. तिथं खडूनं खूण करा.

२. तुमच्या हस्तलिखिताचा आकार उघडून मोजा, कणा धरा, चारी बाजूंना दोन-दोन सेंमी घडी धरा, आणि कुठली मॅट लागेल ते लिहून आणा.

३. जवळच्या चप्पल दुरुस्तीच्या ठिकाणी जा. तुटलेली चप्पल घेऊन जा, सांगतील ते पैसे द्या, घासाघीस नको. 'काका' किंवा 'मामा' म्हणा, जातीच्या नावानं हाक मारू नका. गिऱ्हाईक नसेल तेव्हा परवानगी घेऊन हत्यारांची नावं विचारा. आपल्या भागात एकाच हत्याराला मराठी, कानडी, उर्दू अशी वेगवेगळी नावं ऐकू येतील. जशी ऐकाल तशीच लिहा, 'शुद्ध' करू नका. पाच शब्द आणलेत तरी मंडळाच्या पुढच्या बैठकीत एक पूर्ण तास त्यांच्यावर बोलता येईल. आणि कुणी सांगावं, टेबलाला आपल्याला जो शब्द सापडत नाहीये, तो कदाचित त्या काकांकडेच असेल.