स्वच्छ हात आणि आपली पाळी

वडवणी व आसपासच्या तालुक्यांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीस जातात. कोप्यांवर पाणी थोडे व तोंडे पुष्कळ. तेथे अस्वच्छता आणि घाई यांचे फळ कोण भोगतो, याचा विचार या पाठात करू.

इ. स. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या इस्पितळात डॉक्टर सेमेलवाइस यांनी बाळंतिणींस तपासण्यापूर्वी क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याचा नियम केला. लागलीच मृत्यू पुष्कळ घटले. तोवर मळक्या हाताचा मनुष्य बहुधा धडधाकट राही. मरत असे ती दुसरीच. रांगेचेही तसेच. जो धक्का देऊन पुढे शिरतो त्याची घागर भरते; रिकामी राहते ती मागे उभ्या असलेल्या म्हातारीची. शेजारच्या लातुरात २०१६ च्या दुष्काळी उन्हाळ्यात तंटे टाळण्यासाठी पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी करावी लागली. करिंथ येथील मंडळीत कित्येक आधीच जेवून घेत व गरीब उपाशी राहत. त्यांस पौलाने एकमेकांसाठी थांबण्यास लिहिले.

म्हणून हे पाळावे :

१. शौचानंतर, तसेच स्वयंपाकापूर्वी व जेवणापूर्वी साबणाने निदान २० सेकंद हात चोळून धुवावे.

२. माठात हात न बुडवता दांड्याच्या ओगराळ्याने पाणी काढावे.

३. शिजलेले अन्न झाकावे. उन्हाळ्यात १ तासाहून अधिक तसेच ठेवू नये.

४. वृद्ध, गरोदर व आजारी यांस पुढे करावे, धडधाकटांनी थांबावे.

प्रश्न : तुमच्या गावच्या मागील पंगतीत शेवटी कोण बसले? त्यांस स्वच्छ पाणी व ताजे अन्न मिळाले काय?