पाण्यातला प्राणवायू मोजताना

प्रश्न : पाणी-तपासणीच्या प्रयोगशाळेतील पद्धती शिकायला सुरुवात कशापासून करावी?

उत्तर : विरघळलेल्या प्राणवायूच्या विंकलर पद्धतीपासून, हात आणि नजर दोन्ही तिथेच तयार होतात. हंगेरीच्या लायोश विंकलर यांनी ती १८८८ मध्ये मांडली. ३०० मिलीची बाटली बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरतात. नदीकाठावरच, पिपेटचे टोक पाण्याखाली धरून, तिच्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड सोडतात. साका तपकिरी झाला तर प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. सल्फ्युरिक आम्लाने साका विरघळतो आणि प्राणवायूच्या प्रमाणात आयोडीन मोकळे होते. त्यातील २०० मिलीचे ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने अनुमापन करतात. रंग फिकट पिवळा झाल्यावरच स्टार्च घालायचा (शिकाऊंची घाई इथे नडते) आणि निळा रंग जाताच थांबायचे. जितके मिली थायोसल्फेट लागले, तितकाच लिटरमागे मिलिग्रॅम प्राणवायू. बीओडीसाठी, म्हणजे सेंद्रिय द्रव्य कुजवताना सूक्ष्मजीव किती प्राणवायू वापरतात ते काढण्यासाठी, हेच मापन नमुना अंधारात ठेवण्याआधी आणि नंतर, असे दोनदा होते. भारतात त्यासाठी २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस धरतात. सांडपाणी असेल तर ते आधी पातळ करावे लागते, नाहीतर प्राणवायू मधेच संपतो.