थंड पाण्यात उतरण्याआधी

सोने, तुझं तिकीट निघाल्याचं आईने सोनकच्छहून फोनवर सांगितलं आणि लगेच म्हणाली, "पोरीला सी लायनबरोबर पोहायचंय, तू बघून घे." बघते की. तुझी हौस मला मनापासून आवडलीये. पण इथे सॅन डिएगोला पाय ठेवलास की तू कुणाचं ऐकणार नाहीस, म्हणून आत्ताच बोलते.

कालीसिंधेत तू मासोळीसारखी पोहतेस, ठाऊक आहे मला. पण आपली नदी बागलीकडून येते आणि एकाच दिशेने वाहते. इथल्या ला होयाच्या खाडीतलं पाणी खडकाकडे ढकलतं, परत आत ओढतं, आणि डिसेंबरात १४-१५ अंशांवर असतं. उत्तरेकडून येणारा गार प्रवाह आणि खोलातून वर येणारं पाणी यांमुळे इथे मासळी मुबलक असते. सार्डिन, अँकोवी, माकूळ. त्यांच्यामागे सी लायन येतात. ही थंडी आहे म्हणून ते आहेत गं, ती टाळून त्यांना भेटता येत नाही.

आणि मला भीती त्यांच्या दातांपेक्षा या थंडीचीच जास्त वाटते. गार पाण्यात एकदम पडलं की पहिल्या मिनिटात छाती आवळते, धाप लागते, आपसूक मोठा श्वास ओढला जातो. नेमकं तेव्हा तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. पट्टीच्या पोहणाऱ्यांचंही हेच होतं. म्हणून उडी मारायची नाही. हळूहळू उतरायचं, मान-चेहरा ओला करायचा, मग उताणं तरंगत राहायचं. श्वास ताळ्यावर आल्याशिवाय पुढे एक हातसुद्धा मारायचा नाही.

५ मिलीमीटरचा वेटसूट भाड्याने घेऊ, टोपीसकट. तो अंगाला घट्टच बसला पाहिजे. सैल असला तर आतलं कोमट झालेलं पाणी निघून जातं आणि गार पाणी शिरतं. फोटो बघून आई काही म्हणाली तर तिला मी सांभाळीन. बोटं वाकेनाशी झाली की परत फिरायचं, "जीजी, पाचच मिनिटं" चालणार नाही. बाहेर आल्यावरही शरीर आतून काही वेळ गार होतच राहतं, तेव्हा आधी कोरडे कपडे, मग आल्याचा चहा.

आता सी लायनविषयी. अमेरिकेत १९७२च्या कायद्याने त्यांना त्रास देणं गुन्हा आहे, आणि सुमारे ४५ मीटर अंतर ठेवा असं सांगतात. लोक पिल्लांना हात लावायला जात, सेल्फीसाठी अंगावर जात. शेवटी २०२३मध्ये शहराने पॉइंट ला होयाचा खडक बारमाही बंदच केला. मला तो निर्णय योग्य वाटतो. तेव्हा आपण त्यांच्या मागे जायचं नाही. एखादं कोवळं जनावर स्वतःहून जवळ आलं, तुझ्याभोवती गिरकी घेऊन गेलं, तर हात छातीशी घेऊन स्तब्ध राहा आणि सावकाश मागे हो. त्यांचे डोळे जवळून दिसतात तेव्हा पोटात कसं होतं, ते तुला तिथेच कळेल. मोठा नर मात्र तीनशे किलोंच्या वर जातो. तो भुंकत, बुडबुडे सोडत येरझारा घालायला लागला की ती ताकीद समज आणि निघ.

किनाऱ्यावर एखादं सी लायन मान वेळावत, थरथरत पडलेलं दिसलं तर लांबूनच जीवरक्षकाला सांगायचं. २०२३च्या उन्हाळ्यात समुद्रातल्या शेवाळाच्या विषाने शेकडो असे आजारी पडले होते, आणि त्या अवस्थेत ते चावतातही. चुकून चावलंच तर डॉक्टरला कुणी चावलं ते स्पष्ट सांगायचं. त्या जखमेतल्या जंतूंवर पेनिसिलिन चालत नाही, टेट्रासायक्लिन लागतं.

अगदी जवळून, त्यांच्यातच पोहायचं असेल तर मेक्सिकोत ला पाझजवळ लोस इस्लोतेस नावाची बेटं आहेत. तिथे परवान्याच्या होडीतून वाटाड्याबरोबर उतरवतात, आणि पिल्लांच्या दिवसांत, जून ते ऑगस्ट, पोहणं बंद ठेवतात. "हात लावायला देतो" म्हणणाऱ्या होडीत मात्र कुठेही बसायचं नाही.

एक काम तिथूनच करून ये. लहानपणी तुला दमा होता, आणि थंड पाण्याने तो उसळू शकतो. निघण्याआधी इंदूरला डॉक्टरांना दाखव. ते नाही म्हणाले तर आपण दोघी काठावरून बघू, त्यावर माझ्याशी वाद घालू नकोस.