नाव गुबगुबीत, नंबर सडसडीत

अगं, आधी तो फोन बाजूला ठेव आणि चहा घे. गणपतीच्या ऑर्डरी, पिल्लाची शाळा आणि वर हे लेबल, डोकं भणभणणारच. पण जिला पारी न फाटता मोदकाच्या कळ्या पाडता येतात, तिला लेबल काय अवघड आहे?

तुला आवडलेल्या त्या गोलमटोल फॉन्टचं नावच 'मोदक' आहे, माहितेय? मुंबईच्या 'एक टाइप'वाल्यांनी घडवलाय. त्यातला 'क' जवळून बघ. पोटातली पोकळी जवळजवळ बुजलेली, पांढरी रेघ केसाएवढी. सगळी गंमत त्या रेघेत आहे, आणि सगळा धोकाही तिथेच. अक्षर मोठं असेल तर ती रेघ उठून दिसते. बारीक केलंस की छपाईत शाई पसरते, रेघ बुजते आणि अक्षराचा गोळा होतो.

खरं सांगू का, माझ्या पहिल्या फराळाच्या लेबलवर मी नावापासून नंबरापर्यंत सगळं असंच जाड छापलं होतं. दोनशे स्टिकर. नंबरातला 6 की 8 तेच लोकांना कळेना. त्या रात्री मी प्रत्येक डब्यावर पेनाने नंबर लिहीत बसले होते. तुझ्यावर ती वेळ यायला नको, म्हणून एवढं सांगतेय.

तर ऐक. 'मोदक' फक्त तुझ्या नावाला, दोन-तीन शब्द, चांगले ठसठशीत. दोन ओळी झाल्या तर मधे जागा सोड, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. 'ताजे उकडीचे मोदक' ही ओळ 'बालू'मध्ये घे. तोही 'एक टाइप'वाल्यांचाच, गोल आणि प्रेमळ, पण जरा मोकळा. त्याच्या 'बालू 2' या आवृत्तीत पाच जाड्या मिळतात, 'मोदक'मध्ये एकच. नंबर, साहित्य, तारीख मात्र 'मुक्ता'सारख्या साध्या, सडसडीत फॉन्टमध्येच. इथे हट्ट करायचा नाही हं.

पैशांची काळजी सोड. हे तिन्ही फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सवर आहेत. फुकट मिळतात आणि धंद्यालाही चालतात.

फ्लेक्सवाल्याकडे मात्र नुसता मजकूर पाठवू नकोस बघ. त्याच्या मशीनवर तुझा फॉन्ट नसला तर भलतंच काहीतरी उमटतं, जोडाक्षरं तुटतात, रफार दुसऱ्याच अक्षरावर जाऊन बसतो. फाइल कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून, पीडीएफ दे. तुला जमत नसेल तर मला पाठव, मी करून देते.

आणि छापायला टाकण्याआधी एक प्रत खऱ्या मापात काढ, डब्याला चिकटव, डबा ओट्यावर ठेव आणि दारात उभी राहून बघ. नाव तिथून वाचता आलं पाहिजे. मग डबा हातात घे आणि आईंना चष्म्याशिवाय नंबर वाचायला लाव. त्यांनी न अडखळता वाचला की लगेच छापायला टाक.