आवाज कमी करण्याची रीत

ध्वनिक्षेपकाची सोय नसलेल्या काळात मैफलीतील वादकापुढे आवाज वाढविण्याचा प्रश्न असे. आपल्या वाद्याचा नाद दूरच्या श्रोत्यापर्यंत पोहोचावा म्हणून कर्नाटक संगीतातील व्हायोलिनवादक टी. चौडय्या (१८९५–१९६७) यांनी चार तारांच्या व्हायोलिनला आणखी तीन तारा जोडल्या. त्यांच्या स्मरणार्थ बेंगळूरु येथे १९८० साली उभारलेले सभागृह व्हायोलिनच्याच आकाराचे आहे. आज घरी संगीत ऐकणाऱ्यापुढे मात्र नेमका उलटा प्रश्न असतो : आवाज कमी करावा, पण त्यातील बारकावे हरवू नयेत.

कॉम्पॅक्ट डिस्कवर ध्वनीचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने १६ बिटांच्या आकड्यांत नोंदलेले असतात. या आकड्यांचे पुन्हा विद्युत्-संकेतात रूपांतर करणारे साधन म्हणजे डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर. व्यवहारात त्यास ‘डॅक’ म्हणतात. आवाज दोन ठिकाणी कमी करता येतो : डॅकमध्ये, आकडे लहान करून, किंवा पुढे ॲम्प्लिफायरच्या बटणाने.

आकडे निम्मे केले की पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते आणि एका बिटाएवढा तपशील खर्ची पडतो. डॅकचे गणित २४ बिटांत चालत असेल, तर ४८ डेसिबल उतरेपर्यंत मूळ १६ बिट शाबूत राहतात. तथापि डॅकमधील विद्युत्-मंडलाची स्वतःची सूक्ष्म खरखर तेवढीच राहते; संगीत उतरते, खरखर उतरत नाही. तंबोऱ्याची विरत जाणारी आस अशा वेळी खरखरीत बुडू शकते. ॲम्प्लिफायरचे बटण डॅकच्या पुढे असल्यामुळे ते संगीत व डॅकची खरखर दोन्ही एकदमच उतरवते.

म्हणून पातळी जुळविण्याचा क्रम असा ठेवावा. प्रथम ॲम्प्लिफायरचे बटण अगदी खाली आणावे. डॅकची पातळी पूर्ण, किंवा दोन-तीन डेसिबल कमी ठेवावी. कारण दोन नमुन्यांच्या मधील लहर कधी कधी नमुन्यांहूनही उंच जाते. मग ध्वनिमुद्रणातील सर्वांत मोठा भाग लावून बटण हळूहळू वाढवावे. बटण जेमतेम हलविताच आवाज असह्य होत असेल, तर डॅकचा संकेत ॲम्प्लिफायरला गरजेपेक्षा प्रबळ आहे असे समजावे. शिवाय अनेक बटणांत अगदी खालच्या टोकाला डाव्या-उजव्या बाजूंचा समतोल बिघडतो. अशा वेळी डॅकमध्येच ६ ते १० डेसिबल कमी करणे हिताचे. ॲम्प्लिफायरला बटणच नसेल, तर वादन सुरू करण्यापूर्वी डॅकची पातळी खाली आहे याची खात्री करून घ्यावी; एरवी पूर्ण पातळीचा पहिलाच आघात ध्वनिक्षेपकाला व कानाला इजा करू शकतो.

कानाची मर्यादाही ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तास ऐकणे सुरक्षित मानले जाते. ९० डेसिबलला ही मुदत चार तासांवर येते. बारीक स्वर ऐकू यावा म्हणून आवाज चढवीत जाण्यापेक्षा खोलीतील पंखा बंद करणे अनेकदा अधिक उपयोगी पडते.